शेणाच्या पुढचा गॅस
भाव पडला की टोमॅटोचे कॅरेट बाजारातच ओतून रिकाम्या हातानं घरी आलोय. तुमच्यापैकीही बरेच आले असतील.

गॅस म्हणजे शेणाचाच, असं आपल्या डोक्यात बसलंय. पण १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून गॅस काढला होता. पुढं पुण्याच्या डॉ. आनंद कर्वेंनी नेमकं हेरलं. शेण म्हणजे गुरानं आधीच पचवलेलं. जिवाणूंना पिठूळ, गोड खायला द्या, गॅस लवकर येतो.

हैदराबादच्या बोवेनपल्ली भाजीबाजारात रोज १० टन कचऱ्यातून ५०० युनिटच्या आसपास वीज निघू लागली. उरलेली स्लरी खत म्हणून रानात जाते.

आपल्या बाजार समितीत हे का नाही? येत्या सभेत मी विचारणार, तुम्हीही विचारा.