दोन तीरांवरचे नार्वे

सैनिकाच्या घरात बिऱ्हाड बांधणे आणि सोडणे इतके अंगवळणी पडते की, आपले घर कोणते हा प्रश्न मोठी माणसे सहसा काढीत नाहीत. तो मुलांकडून निघतो. आमचे धाकटे बंधू मराठा लाइट इन्फंट्रीत अधिकारी आहेत. तीर्थरूप त्याच रेजिमेंटमधून सुभेदार होऊन निवृत्त झाले. गेल्या वर्षी बेळगावच्या केंद्रातून बंधूंची बदली व्हावयाच्या सुमारास त्यांच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांना नव्या शाळेचा अर्ज भरावयाचा होता. त्यात ‘मूळ गाव व तालुका’ असा रकाना होता. चिरंजीवांनी तेथे पेन्सिलीने ‘बेळगाव छावणी’ असे लिहिले. शाई का वापरली नाही असे विचारता म्हणाले, ‘पुन्हा बदलावे लागेल ना, काका.’ तीर्थरूपांनी तो कागद वाचला, चष्मा काढून ठेवला आणि शनिवार-रविवारसाठी गाडी ठरवावयास सांगितले.

आमचे घराणे गोव्यातील नार्व्याचे, असे आमचे आजोबा सांगत. पुरावा म्हणाल तर कागदाचा कपटाही नाही. कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर, एवढे मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. वकिली करणाऱ्याने असल्या ऐकीव गोष्टीवर भिस्त ठेवू नये. परंतु मातोश्रींनी प्रवासाच्या पिशवीत सर्वांआधी नारळ आणि देवाचे वस्त्र ठेवले, तेव्हा आम्ही आमचा आक्षेप मुकाट्याने मागे घेतला.

निघताना प्रथम बेळगावचा किल्ला पाहिला. छावणीत राहणाऱ्यांस तो रोजचा, म्हणूनच न पाहिलेला. आतील कमल बस्ती हे जैन मंदिर रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास उभारले. मंडपाच्या छतातून खाली उमललेले दगडी कमळ मातोश्री कितीतरी वेळ मान वर करून पाहत होत्या. तीर्थरूपांचे लक्ष तटाकडे आणि खंदकाकडे. १८१८ च्या एप्रिलमध्ये जनरल मन्रोने वेढा घालून हा किल्ला पेशव्यांच्या किल्लेदाराकडून घेतला. येथे आम्ही एक अडचणीचा मुद्दा काढला. या रेजिमेंटचा वंश १७६८ साली कंपनीच्या मुंबई फौजेत उभ्या केलेल्या पलटणीपासून सांगतात. पेशवाई बुडविली तीही कंपनीनेच. मग शिवछत्रपतींचा जयजयकार करीत हल्ल्यास धावणाऱ्या या पलटणींचे पूर्वज कोणत्या बाजूचे मानावयाचे? तीर्थरूप म्हणाले, ‘ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या बाजूचे. पण नाव महाराजांचेच घेतो ना आम्ही?’ हे उत्तर कायद्याचे नव्हे. तरी उलटतपासणीत ते सहजासहजी मोडावयाचे नाही.

खानापूर, लोंढे आणि अनमोडचा घाट ओलांडून दुपारी तांबडी सुर्ल्यास पोहोचलो. दाट रानात, नदीकाठी उभे असलेले हे महादेवाचे लहानसे देऊळ कदंबकालीन, सुमारे बाराव्या-तेराव्या शतकातले. त्याचा दगड काळा बेसॉल्ट आहे. तो या भागातला नव्हे, घाटावरून खाली आणलेला. गोव्यातील त्या काळची इतर देवळे गेली. हे तेवढे आडरानात असल्यामुळे वाचले. आत शिरताच मातोश्रींनी वर बोट दाखविले. मंडपाच्या छतात पुन्हा कमळ! ‘सकाळच्याच कारागिरांचे दिसते,’ असे त्या म्हणाल्या. इतिहासपंडित कदाचित हसतील. परंतु जैनांची बस्ती आणि शिवाचे देऊळ यांना एकाच शिल्पपरंपरेने घडविले, हेच त्यांनी आपल्या परीने सांगितले. एका खांबाच्या पायाशी घोड्याला तुडविणारा हत्ती कोरलेला आहे. चिरंजीव तेथून हलेनात.

पुढे उसगाववरून फोंड्यास जाताना तीर्थरूप एकदम बोलके झाले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त करावयास आलेल्या फौजेतील दुसरी पॅरा पलटण याच उसगावच्या वाटेने फोंड्यात शिरली. ती पलटण मूळची मराठा रेजिमेंटचीच, पुढे हवाई छत्रीधारी झालेली. तीर्थरूप त्यानंतर काही वर्षांनी भरती झाले. पण त्या वाटेच्या गोष्टी त्यांनी वडीलधाऱ्या हवालदारांच्या तोंडून ऐकल्या होत्या. रात्री एका देवस्थानच्या अग्रशाळेत उतरलो.

रविवारी सकाळी नार्वे. आता वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नार्वे नावाची गावे दोन आहेत: एक दिवाडी बेटावर, तिसवाडीत, दुसरे नदीच्या अलीकडे, डिचोलीत. सप्तकोटीश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा देव. त्यांनी आपल्या सोन्याच्या नाण्यांवर त्याच्याच वरप्रसादाचा उल्लेख कोरला. त्याचे मूळ देऊळ दिवाडीवर होते. चौदाव्या शतकात बहामनी अमलात ते उद्ध्वस्त झाले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीजांनी पाडले. लिंग एका विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी लावले होते आणि नारायण शेणवी सूर्यराव यांनी ते सोडवून नदीपार आणले, असे परंपरा सांगते. देवामागून गावाचे नावही नदी ओलांडून आले. पलीकडचा तीर त्या वेळी पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर होता. डिचोली त्यांच्या हाती गेली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस.

परंपरेचा पुरावा येथपर्यंत. पुढचा मात्र दगडात आहे. देवळाच्या दारावर शिलालेख आहे: शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, शिवरायांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ. इसवी सन १६६८. राज्याभिषेकास अजून सहा वर्षे अवकाश होता. तरी आज्ञा राजाची म्हणूनच लेख बोलतो. दस्तऐवज म्हणून आम्हांस तो फार मोलाचा वाटला. उतरत्या छपराचे देऊळ, घुमट, समोर दीपस्तंभ. २०२३ साली गोवा शासनाने त्याचा जीर्णोद्धार पुरा केला. अभिषेक झाला, वस्त्र अर्पण झाले, भटजी ‘देव बरें करूं’ म्हणाले. मातोश्रींनी डोळे पुसले ते आम्ही पाहिले नाही असे दाखविले.

१९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याचा एक दावा गेला होता. घरच्या देवमूर्तीचे स्थान सेवेकऱ्याने आपल्या मर्जीने हलवावे काय, असा तंटा होता. मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती होय, आपण कोठे राहावे याविषयी तिची इच्छा विचारात घेतली पाहिजे आणि ती मांडण्यास निःस्वार्थी प्रतिनिधी हवा, असे तेथे ठरले. महाविद्यालयात हा निवाडा आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. दीपस्तंभापाशी बसलो असता तो नव्याने आठवला. ज्यांनी ते लिंग होडीत घातले त्यांना कोणत्या न्यायालयाने प्रतिनिधी नेमले होते? दिवसाढवळ्या सापडले असते तर त्यांची गत काय झाली असती, हे सांगावयास नको.

परतण्यापूर्वी नदीकाठी गेलो. पलीकडे दिवाडीचे झाड न्‌ झाड दिसत होते. फेरीबोट माणसे घेऊन येत होती. आजोबांनी नातवाला हात करून तो तीर दाखविला. ‘आपण तिकडले?’ ‘तिकडले.’ ‘मग देव इकडे कसा?’ ‘आपल्याच माणसांनी आणला.’ चिरंजीवांनी आणखी काही विचारले नाही. बोट धक्क्याला लागेपर्यंत ते पाण्याकडे पाहत होते.

चोरल्याचा घाट चढून रात्री बेळगावास आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज पुन्हा बाहेर निघाला. पेन्सिलीची अक्षरे खोडून चिरंजीवांनी शाईने ‘नार्वे’ लिहिले आणि तालुक्याच्या रकान्यापाशी थांबून आम्हांस विचारले, ‘काका, तिसवाडी की डिचोली?’ तीर्थरूप म्हणाले डिचोली, मातोश्री म्हणाल्या तिसवाडी. दोघेही आमच्याकडे पाहू लागले. कायद्याची पदवी असूनही आम्हांस निवाडा देता आला नाही. तो रकाना कोराच ठेवून अर्ज शाळेकडे धाडला.