आईची मशीन, आमोण्याची तांब आणि माझी घाई

आज एका शिवणमशीनची आणि माझ्या हातून झालेल्या चुकीची गोष्ट सांगतो.

आमच्या आमोण्याला तांबडा रंग नवा नाही. डोंगरातलं खनिज ट्रकांनी मांडवीच्या धक्क्यावर यायचं आणि तिथून बार्जमधून मुरगाव बंदराला जायचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गावात बीड तयार करणारा कारखानाही आला. खनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचा संयोग, आणि गंजही तोच. भट्टीत माणसाने वेगळं केलेलं लोखंड हवापाण्यात पुन्हा आपल्या मूळ कुळाला जाऊन मिळतं, त्यालाच आपण तांब चढली म्हणतो. चार महिन्यांच्या पावसात तर हे काम फारच झपाट्याने होतं.

आमच्या घरी १९५८ साली, पोर्तुगीज अमदानीत, वडिलांनी पणजीहून हातमशीन आणली. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात बनलेली जुनी सिंगर, होडीच्या आकाराच्या शटलची. वडील लवकर गेले. त्यानंतर परकर-पोलकी, गणवेश, उशांचे अभ्रे शिवून आईने आम्हा भावंडांना शिकवलं. धाकट्या बहिणीची फी तर पूर्णपणे त्या मशीनवर निघाली.

आई गेल्यावर मशीन माळ्यावर पडली. २०१९ च्या पावसाळ्यात बहीण आजारी होती. फोनवर म्हणाली, "दादा, आईची मशीन आहे ना रे अजून? एकदा तिचा आवाज ऐकव."

खाली काढली तर चाक फिरेना. शटल, सुईचा दांडा, स्क्रू, सगळं तांबडं. मी पडलो कॉमर्सचा माणूस, रसायनशास्त्र शाळेपुरतंच. न्हाणीघर साफ करायचं ॲसिड भांड्यात ओतलं आणि सुटे भाग त्यात बुडवले. बुडबुडे आले, गंज विरघळला, मी खूश. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी भाग करडे आणि खरबरीत झालेले. शटलवर दोरा दाबून धरणारी स्प्रिंगची पट्टी असते, तिचा स्क्रू फिरवताच ती काडीसारखी तुटली. शेजारच्या फळीवरच्या पक्कड-कात्रीवरही वाफेने ताजी तांब चढली होती.

शेजारचे मेस्त आले. त्यांचं आयुष्य बार्जच्या दुरुस्तीत गेलेलं. पाहताक्षणी म्हणाले, "भाई, तांब काडपाच्या नादान तुमी लोखंडच काडलें न्हय!"

मग त्यांनी समजावलं, बाकीचं मी पुढे वाचलं. ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते गंजावर थांबत नाही, खालचं लोखंडही खातं. त्यातून निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि स्प्रिंग ठिसूळ होते. नीट धुतलं नाही तर मागे राहिलेल्या क्षारामुळे पुन्हा गंज धरतो.

आमच्या आज्या काय करायच्या? आडोळीच्या पात्याला चिंच किंवा बिंबलं चोळायच्या, कधी ताकात बुडवायच्या. चिंचेत टार्टरिक, बिंबलात ऑक्झॅलिक, ताकात लॅक्टिक. सगळी सौम्य आम्लं. वेळ लागायचा, पण पातं शाबूत राहायचं. बार्जवर मात्र आधी हातोडीने पापुद्रे काढायचे, मग तारेचा ब्रश, मग शेंदरी प्रायमर.

मेस्तांनी हार्डवेअरच्या दुकानातून फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट रिमूव्हर आणायला लावला. हे आम्ल गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं आणि काळसर, चिकटून राहणारा थर देतं. इंग्लंडमध्ये कॉसलेट यांनी १९०६ साली याच तत्त्वावर लोखंड टिकवण्याचं पेटंट घेतलं. आणि दिल्लीचा मेहरौलीचा लोहस्तंभ? सुमारे १६०० वर्षं उभा आहे, कारण त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यातून पृष्ठभागावर फॉस्फेटचा राखणदार थर तयार झाला, असं आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं.

आम्ही गॅलरीत, हातमोजे घालून बसलो. आधी रॉकेलने तेलकटपणा काढला. मग ब्रशने औषध लावायचं, पंधरा-वीस मिनिटांनी बघायचं, गंज सुटला की थांबायचं. सोड्याच्या पाण्यात धुवायचं, लगेच कोरडं करून मशीनचं तेल लावायचं. स्प्रिंगांना त्यांनी औषध लावूच दिलं नाही, फक्त रॉकेल आणि पितळी ब्रश. चाकाच्या निकेलच्या कडेला आणि अंगावरच्या सोनेरी नक्षीला तेलाचा बोळा, बस्स. शटल मात्र वाया गेलं होतं. तसंच दुसरं म्हापशाच्या बाजारात एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे मिळालं.

आठव्या दिवशी चाक फिरलं. फोन मशीनजवळ धरला आणि दहा-बारा टाके घातले. पलीकडे बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रात्री झोपेत ऐकायचो, तोच."

२०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा मांडवीत नांगरलेल्या बार्जही अशाच गंजत गेल्या. मेस्त म्हणतात, वापरातल्या लोखंडाला तांब कमी लागते. मीही आता दर रविवारी मशीनवर चार टाके घालतो. आईच्या हातचं ते शटल डबीत जपून ठेवलंय. माझ्या घाईने ते गेलं, ही बोच काही जात नाही.

तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर बाहेर काढा. पण ॲसिडची बाटली उघडण्याआधी एखाद्या मेस्ताला जरूर विचारा.