रमाबाई, पंडिता
(१८५८–१९२२). संस्कृत विदुषी, ख्रिस्ती समाजसेविका. दुष्काळात आईवडील व थोरली बहीण उपासमारीने गेली. रमाबाई भावासोबत अर्धपोटी देशभर पायी हिंडल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ पदवी दिली. पुढे भाऊ आणि १८८२ मध्ये पतीही वारले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भूक स्वतः सोसलेली असल्यामुळेच १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात धावून गेल्या, असे म्हणणे वावगे ठरू नये. तिथून आणलेल्या मुली व विधवांना केडगावच्या त्यांच्या ‘मुक्ती’ आश्रमात आसरा मिळाला, त्या विणकाम, छपाई शिकल्या. आपले पांडित्य बाजूला ठेवून रमाबाईंनी खेड्यातल्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचा अनुवाद केला. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. या अनुवादाचे खिळे जुळवून छपाई केली ती आश्रमातल्याच स्त्रियांनी.