गाडीचं ट्यूनिंग आणि मागे उरणारी खूण

ओमानमध्ये, मस्कतजवळच्या माबेल्याच्या सनायात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, उन्हाळ्यात खरं काम संध्याकाळनंतरच सुरू होतं. जुलैतल्या एका रात्री तिथल्या एका शेडमध्ये मी आणि आमच्या इमारतीतला एक मुलगा उभे होतो. समोर एक छोटी टर्बो हॅचबॅक. बॉनेट उघडं होतं, पण इंजिनला कुणी हात लावत नव्हतं. बॅटरीला चार्जरचे चिमटे, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये केबल, आणि केबलचं दुसरं टोक सीटवरच्या लॅपटॉपला. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. ३७ टक्के, ३८ टक्के. मिस्त्रीनं कुणाला दाराला हात लावू दिला नाही. लिहिणं चालू असताना बॅटरीचा दाब पडला तर इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, अर्ध्या पानावरच थांबतो आणि मग गाडी सुरूच होत नाही. चार्जर लावला होता तो त्यासाठीच.

मुलानं हळूच विचारलं, "काका, मी पण करून घेऊ का? एजन्सीला कळतं का हो? वॉरंटी जाते?"

त्याची गाडी जेमतेम वर्षाची. तेव्हा मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिलं, पण ते मला पुरेसं वाटलं नाही. या प्रश्नाला बराच मागचा इतिहास आहे, आणि तो कळल्याशिवाय उत्तर नीट लागत नाही.

आधी शब्दच घेऊ. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे 'ट्यूनिंग' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. मारुती ८०० किंवा बजाजची स्कूटर जास्त पेट्रोल प्यायला लागली की मालक गॅरेजात येऊन म्हणायचा, "जरा ट्यूनिंग करून द्या, अ‍ॅव्हरेज पडलंय." मग मिस्त्री प्लग काढून त्याचा गॅप बघायचा, पॉइंट घासायचा, टॅपेट लावायचा आणि कार्बोरेटरचा बारका स्क्रू कान देऊन पाव-पाव आटा फिरवायचा. इंजिनचा आवाज एकसारखा झाला की हात थांबायचा. त्या ट्यूनिंगमध्ये ताकद वाढवायची नसायची. कारखान्यातून जशी गाडी निघाली होती, तिथे तिला परत आणायचं असायचं.

शब्दाचा मूळ अर्थही तोच. इंग्रजीतला 'ट्यून' हा 'टोन'चा भाऊ, आणि 'टोन' आला ग्रीक 'टोनॉस'वरून. त्याचा अर्थ ताणणं, ताणलेली तार, आणि त्या तारेचा सूर. संस्कृतातला 'तन्' हा धातू त्याच कुळातला. म्हणजे गाण्यातली तान, मनावरचा ताण, विणकराचा तंतू आणि गॅरेजातलं ट्यूनिंग ही सगळी एकाच घरची मंडळी. मिरजेत तंबोऱ्याची तार ताणतात ती गायकाच्या पट्टीपर्यंत, त्यापुढे नाही. वाद्यावरून हा शब्द यंत्रांवर आला तेव्हा हीच मर्यादा घेऊन आला होता. मर्यादा ओलांडून जास्त ताणण्यालाही ट्यूनिंगच म्हणायचं, ही सवय मागाहून लागली.

ती लावली शर्यतीच्या नादानं. १९३०-४० च्या काळात कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांच्या सपाट पात्रांत तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या पळवायची. मडगार्ड काढ, हेड घास, दोन-तीन कार्बोरेटर चढव, असा सगळा मामला. युरोपात १९४९ मध्ये कार्लो आबार्थ यांनी आपली कंपनी काढली आणि साध्या छोट्या गाड्यांसाठी सायलेन्सर नि ताकद वाढवणारे सुटे भाग विकायला सुरुवात केली. १९६१ मध्ये जॉन कूपर यांच्या नावाची मिनी कूपर आली, तेव्हा खुद्द कारखान्यानंच हे काम अंगावर घेतलं. आणि सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआय मांडली. १.६ लिटरचं इंजिन, ११० अश्वशक्ती, वजन ८१० किलो. कंपनीचा अंदाज होता की फार तर ५,००० गाड्या खपतील. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून जास्त खपल्या. मागचं दार वर उघडणारी, भाजीच्या पिशव्या बसतील अशी घरगुती गाडी आणि तिच्यात शर्यतीचं इंजिन, हे सूत्र तिथून पक्कं झालं. 'हॉट हॅच' हे नाव त्यानंतर रूढ झालं.

त्या पहिल्या जीटीआयला टर्बो नव्हता. तिची ताकद वाढवायची तर कॅमशाफ्ट बदला, हेड घासा, पोर्ट मोठे करा. आठवड्याचं काम, हात काळे, आणि मिळणार आठ-दहा अश्वशक्ती. एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. केलेलं प्रत्येक काम डोळ्यांना दिसायचं. एजन्सीच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं की त्याला कळायचं.

मग टर्बो आला. त्याचं पेटंट खरं तर फार जुनं, स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांचं, १९०५ सालचं. पण रोजच्या वापराच्या गाडीत तो रुळला तो १९७० च्या दशकाच्या शेवटी, साब ९९ टर्बोसारख्या गाड्यांमधून. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. किती कोंबायची ते वेस्टगेट नावाची झडप ठरवते. झडपेची स्प्रिंग जरा कडक केली की दाब वाढला, पेट्रोल वाढलं, ताकद वाढली. आठवड्याचं काम दोन तासांवर आलं.

त्याच सुमाराला, १९७९ मध्ये, बॉशनं मोट्रॉनिक आणलं. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची, हे दोन्ही एकाच पेटीतला संगणक ठरवू लागला. हे सगळे आकडे ज्या चिपमध्ये असत तिचं नाव ईप्रॉम. १९७१ मध्ये इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ती तयार केली. मी पहिल्यांदा ईप्रॉम हातात घेतली तो क्षण मला आजही आठवतो. बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब, काळी, दोन्ही बाजूंना झुरळासारखे पाय, आणि पाठीवर मधोमध एक गोल काचेची खिडकी. त्या खिडकीतून आतला सिलिकॉनचा चमकता तुकडा दिसायचा. खिडकीवर अतिनील दिवा धरला की काही मिनिटांत आतलं सगळं पुसलं जायचं, मग नवीन लिहायचं आणि उजेड आत जाऊ नये म्हणून वर कागदी चिकटपट्टी लावायची. पेटी उघडा, जुनी चिप उपसा, नवी बसवा. 'चिप ट्यूनिंग' हे नाव इथून आलं. आज गाड्यांत तशी चिप उरलेली नाही, तरी गॅरेजच्या पाट्यांवर हे नाव अजून टिकून आहे.

आणि त्या चिपच्या काळातली एक समजूतही टिकून आहे. "सर्व्हिसिंगच्या आधी कंपनीची चिप परत बसवायची, एजन्सीला काही कळत नाही." त्या काळात हे बऱ्याच अंशी खरं होतं. पेटीच्या झाकणाचं सील आणि सोल्डरचा एखादा डाग सोडला तर मागे फारसं काही उरत नसे. मुलाच्या प्रश्नामागे हीच चाळीस वर्षं जुनी समजूत होती. ती त्याच्यापर्यंत कुणाकुणाच्या तोंडून आली असेल, कोण जाणे.

पण मधल्या काळात यंत्र बदललं. चिपच्या जागी फ्लॅश मेमरी आली, म्हणजे पेटी न उघडता तारेतून पुसता-लिहिता येणारी. अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलांपासून प्रत्येक गाडीला ओबीडीचा एकसारखा सॉकेट सक्तीचा झाला, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. तो ठेवला होता प्रदूषण तपासण्यासाठी. ट्यूनिंगवाल्यांना त्यातून घरात शिरायला दार मिळालं. पण दार दोन्ही बाजूंनी उघडतं. त्याच सॉकेटमधून ईसीयू आपला कॅलिब्रेशनचा पडताळा-आकडा सांगतो. आतल्या तक्त्यातली एक ओळ बदलली तरी तो बदलतो. अनेक ईसीयू आपल्यावर किती वेळा लिहिलं गेलं याची नोंदही ठेवतात. कंपनीची मूळ फाइल परत लिहिली तर तेही एक लिहिणंच, म्हणून नोंद एकानं वाढते. फोक्सवॅगन समूहाच्या सर्व्हिस केंद्रात गाडी कंपनीच्या मुख्य संगणकाला जोडल्यावर फाइलचा मेळ बसला नाही, तर तिच्या नावापुढे 'टीडी १' असा शेरा पडतो. तो शेरा गाडीच्या चॅसी क्रमांकाला चिकटतो. माबेल्यात पडलेला शेरा दुसऱ्या देशातल्या केंद्रातही दिसतो.

खुणेचा प्रवास असा उलटा झालाय. जुन्या ट्यूनिंगला कष्ट भरपूर आणि खूण उघड्यावर. आजच्या ट्यूनिंगला हातही काळे होत नाहीत, आणि खूण मात्र पुसता येत नाही.

आता वॉरंटी. आपण बोलताना 'गॅरंटी' आणि 'वॉरंटी' एकाच अर्थानं वापरतो, आणि भाषेच्या हिशेबानं आपण चूक करत नाही. दोन्ही एकच शब्द. उत्तर फ्रान्सच्या बोलीत त्याचा उच्चार 'व'नं व्हायचा, पॅरिसकडे 'ग'नं, आणि इंग्रजीनं दोन्ही ठेवून घेतले. अर्थ मात्र नंतर वेगळे झाले. गाडीची वॉरंटी हा अटींचा करार असतो, आणि तिच्या पुस्तिकेत फेरबदलांबद्दलचं कलम असतंच.

इंटरनेटवर वाचून आलेली मुलं एका अमेरिकी कायद्याचं नाव सांगतात, मॅग्नसन-मॉस. तो १९७५ चाच, जीटीआयच्या जन्मवर्षाचा. बाहेरचा सुटा भाग लावला एवढ्यावरून अमेरिकेत वॉरंटी नाकारता येत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे कंपनीनं दाखवायला हवं, हे त्यातलं तत्त्व. तत्त्व चांगलं आहे. पण तो कायदा अमेरिकेचा. ओमानचा ग्राहक संरक्षण कायदा २०१४ चा, शाही फर्मान क्रमांक ६६. तक्रारीसाठी ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, आणि लोक तिथे जातातही. पण स्वतःहून इंजिनचे आकडे बदलून घेतल्यावर तिथे आपली बाजू मांडणं अवघड, हे समजून घ्यावं. गाडीत फेरबदल करायचे तर रॉयल ओमान पोलिसांची परवानगी लागते, तो विषय आणखी वेगळा. भारतातही मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमावर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं, की गाडीत कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत. चाकणला बनलेल्या पोलोला स्टेज वन, म्हणजे नुसती फाइल बदलण्याचं ट्यूनिंग, करून घेणाऱ्या पुण्यातल्या पोरांनीही हे ध्यानात ठेवावं.

एक गैरसमज दूर करायला हवा. शेरा पडला म्हणून सगळी वॉरंटी जात नाही. एसी बिघडला, काचेची मोटर गेली, तर त्याचा ट्यूनिंगशी संबंध नाही. प्रश्न येतो इंजिन, टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्सचा. म्हणजे नेमक्या सगळ्यात महाग भागांचा. फोक्सवॅगन समूहाच्या कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सचंच उदाहरण घ्या. तो २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलाय, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या १.४ लिटरच्या टर्बो इंजिनाची वरची आवृत्ती मुळातच २५० देते. तिथे शिल्लक काहीच नाही. स्टेज वनवाला त्यावर आणखी चढवतो.

इथे मला जे कळकळीनं सांगायचंय ते येतं. ट्यूनिंगवाले म्हणतात, कंपनीनं ताकद मुद्दाम दाबून ठेवलेली असते, आम्ही ती मोकळी करतो. युरोपातल्या थंड हवेत यात तथ्य आहे. आखातात ती शिल्लक रिकामी पडलेली नसते, रोज खर्च होत असते. गरम हवा विरळ असते, आणि ठिणगी पडल्यावर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं गरम मिश्रण आपोआप पेटू पाहतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात. सेन्सरनं ते ऐकलं की ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो आणि इंजिन वाचवतो. म्हणूनच सातव्या पिढीची गोल्फ आर युरोपात २२१ किलोवॅटची विकली गेली आणि ऑस्ट्रेलियात, गरम हवेसाठी, २०६ ची. कारखान्यानं स्वतः १५ किलोवॅट सोडून दिले. आणि आपण कुठे राहतो? याच मस्कत प्रांतातल्या कुरियातला, जून २०१८ मध्ये, पूर्ण चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरला नव्हता. इंग्लंडच्या हवेवर नि तिथल्या पेट्रोलवर बसवलेली फाइल तशीच इथे आणून ९५ च्या पेट्रोलवर चालवायची, तर जानेवारीत डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, काढलेल्या कागदावरचे आकडे ऑगस्टमध्ये मिळत नाहीत. ताण मात्र पुरता मिळतो.

हे मी मुलाला सांगून पटलं नसतं, म्हणून दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात त्याच्याच गाडीला एक साधा ओबीडीचा डोंगल लावला आणि दुपारी तीन वाजता सुलतान काबूस रस्त्यावरच्या गर्दीत शिरलो. मी शेजारी मोबाइल धरून बसलो. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान घरातून निघताना ४९ होतं. सीबच्या सिग्नलला उभे राहिलो तोवर ६४ झालं. रस्ता मोकळा झाला, त्यानं पाय दाबला, आणि ठिणगीचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत मागे-मागे सरकत गेला. गाडी कंपनीच्या फाइलवर होती, तरी ईसीयू आधीच माघार घेत होता.

"म्हणजे आत्ता यातली पूर्ण ताकद मला मिळतच नाहीये?" त्यानं विचारलं.

"या उन्हात नाही मिळत."

मी त्याला कायमचं नको म्हटलं नाही. ही हौस मला कळते, मीही त्यातून गेलोय. वॉरंटी संपू दे, आधी कॉम्प्रेशन तपासून घे, टर्बोची हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर टाक, मग इथल्याच पेट्रोलवर, इथल्याच उन्हाळ्यात, लॉग घेत-घेत फाइल बसवणारा माणूस शोध, आणि केलेलं एजन्सीपासून नि विमा कंपनीपासून लपवू नकोस, असं सांगितलं. त्यानं मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

इंटरकूलर त्यानं आणून ठेवलाय. खोक्यातून काढलेला नाही. वॉरंटीची दोन वर्षं अजून बाकी आहेत.