बदली नवऱ्याची, परवाना बायकोचा

आजची गोष्ट एका लष्करी छावणीपासून सुरू करू या.

अमेरिकेत केंटकी आणि टेनेसी या दोन राज्यांच्या सीमेवर फोर्ट कॅम्पबेल नावाची छावणी आहे. १९४२ साली उभी राहिलेली. १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचं हे घर. आता गंमत बघा, राज्यांची सीमारेषा या छावणीच्या मधून जाते. बरीचशी जमीन टेनेसीत, पोस्टाचा पत्ता मात्र केंटकीचा. सैनिक कवायत करता करता या राज्यातून त्या राज्यात जातो, त्याला कोणी कागद विचारत नाही. पण त्याची बायको शिक्षिका असेल, तर केंटकीतल्या सरकारी शाळेसाठी केंटकीचं प्रमाणपत्र लागणार आणि पलीकडे क्लार्क्सव्हिलच्या शाळेत शिकवायचं तर टेनेसीचं. मुलं तीच, गणित तेच. कागद मात्र दुसरा.

हे एका सीमेवरचं झालं. अमेरिकन सैनिकाची बदली साधारण दर दोन-तीन वर्षांनी होते. आज टेक्सास, उद्या व्हर्जिनिया, परवा कॅलिफोर्निया. बायको नर्स, शिक्षिका, समुपदेशक किंवा ब्यूटी पार्लरवाली असेल, तर दर बदलीला अर्ज, फी, कधी परीक्षा आणि मग वाट बघणं. परवाना हातात येईपर्यंत पुढच्या बदलीचा हुकूम दारात. (सैनिकांचे जोडीदार पुरुषही असतात. पण दहापैकी नऊ बायका आहेत, म्हणून मी 'बायको' म्हणतोय.)

असं का झालं? त्यासाठी १८८० च्या दशकात जावं लागेल.

त्या काळात अमेरिकेत कोणीही उठावं आणि डॉक्टर म्हणून पाटी लावावी, अशी बऱ्याच ठिकाणी परिस्थिती होती. भोंदूंचा सुळसुळाट होता. तेव्हा वेस्ट व्हर्जिनिया राज्याने कायदा केला. डॉक्टरकी करायची तर तीनपैकी एक गोष्ट हवी: नावाजलेल्या वैद्यकीय कॉलेजची पदवी, नाहीतर राज्याच्या बोर्डाची परीक्षा, नाहीतर याच राज्यात ८ मार्च १८८१ पूर्वीची सलग १० वर्षांची प्रॅक्टिस. फ्रँक डेंट नावाचा डॉक्टर १८७६ पासून प्रॅक्टिस करत होता, म्हणजे १० वर्षं भरत नव्हती. त्याची पदवी बोर्डाने नाकारली. त्याला ५० डॉलर दंड झाला. तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १८८९ मध्ये हरला. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी निकाल लिहिला: लोकांच्या जिवाशी संबंध असलेल्या धंद्यासाठी पात्रता ठरवायचा राज्याला अधिकार आहे.

निकाल चुकीचा होता असं मी म्हणत नाही. ऑपरेशन टेबलवर आपण झोपलेलो असताना समोरच्याची परीक्षा कोणीतरी घेतलेली असावी, असं आपल्यालाही वाटतंच की. पण त्या तिसऱ्या अटीकडे नीट बघा. 'याच राज्यात, सलग १० वर्षं.' कायद्याच्या डोळ्यासमोर जो माणूस होता, तो एका गावात राहणारा, एका जागी मुरलेला माणूस होता. फिरता माणूस त्या चित्रात नव्हताच. परवान्यांची पुढची सगळी इमारत या चित्रावर उभी राहिली. आणि फिरती बायको तर त्यांच्या स्वप्नातही नव्हती!

पुढे दोन गोष्टी हळूहळू बदलल्या.

पहिली, परवान्यांची यादी वाढत गेली. १९५० च्या सुमारास अमेरिकेत शंभरातल्या पाचेक कामगारांना राज्याचा परवाना लागायचा. आज साधारण पाचातल्या एकाला लागतो. प्रत्येक राज्याचं माप वेगळं. २०१२ च्या आसपास केस कापणं आणि सौंदर्योपचार यांच्या परवान्यासाठी न्यूयॉर्कमध्ये १००० तासांचं प्रशिक्षण लागायचं, आयोवामध्ये २१००. आता आयोवातल्या केसांना दुप्पट वेळ का लागावा, हे तुम्हीच सांगा. यातली आणखी एक मेख म्हणजे परवाना देणाऱ्या बोर्डांवर बहुधा त्याच धंद्यातली माणसं बसतात. नवीन माणूस आला की त्यांना स्पर्धक येतो.

दुसरी गोष्ट, फौज बदलली. १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली. त्याआधी बरेच सैनिक कोवळे, बिनलग्नाचे आणि दोन वर्षांत घरी परतणारे. आता नोकरी म्हणून फौजेत राहणारे, संसार असलेले सैनिक वाढले. त्याच काळात बायका शिकल्या, नोकरीला लागल्या. म्हणजे परवाना लागणारी कामं वाढली आणि दर तीन वर्षांनी राज्य बदलणारी शिकलेली बायकोही वाढली. दोन्ही रेषा एकमेकींना येऊन धडकल्या.

आता यातला सगळ्यात बोचणारा भाग सांगतो. नवरा स्वतः लष्करी डॉक्टर किंवा नर्स असेल, तर त्याला ही अडचण नाही. केंद्राच्या कायद्यानुसार त्याच्याकडे कुठल्याही एका राज्याचा परवाना असला, की सरकारी कामासाठी तो देशात कुठेही चालतो. म्हणजे एकाच घरात दोन नर्स. गणवेशातल्या नर्सचा परवाना देशभर चालतो आणि तिच्या जोडीदाराचा राज्याच्या हद्दीवर अडतो. बदलीचा हुकूम दोघांना एकच, केंद्र सरकारचा. पण केंद्र म्हणणार परवाना हा राज्याचा विषय, आणि राज्य म्हणणार बदली हा केंद्राचा विषय. त्या दोघांच्या मध्ये ही बाई अर्ज घेऊन उभी.

हे आकड्यांत मांडलं गेलं ते फेब्रुवारी २०१२ मध्ये. त्याआधीच्या वर्षी मिशेल ओबामा आणि जिल बायडेन यांनी सैनिकांच्या कुटुंबांसाठी मोहीम सुरू केली होती. तिच्या निमित्ताने अर्थ खातं आणि संरक्षण खातं यांनी मिळून अहवाल काढला. नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या लष्करी जोडीदारांपैकी सुमारे ३५ टक्के परवाना लागणाऱ्या कामात होते. आणि वर्षभरात राज्य बदलण्याचं प्रमाण त्यांच्यात १४.५ टक्के, इतर विवाहितांमध्ये १.१ टक्के.

राज्यांनी मग एकेक खिडकी उघडली. कुणी तात्पुरता परवाना दिला, कुणी अर्ज लवकर निकाली काढायचं कबूल केलं. नर्सेसनी याआधीच, २००० सालापासून, राज्याराज्यांत करार सुरू केला होता: एका राज्याचा परवाना करारातल्या सगळ्या राज्यांत चालेल. आज त्यात चाळीसहून जास्त राज्यं आहेत. मात्र सॅन दिएगोसारखा मोठा नाविक तळ असलेलं कॅलिफोर्निया २०२४ पर्यंत तरी बाहेरच होतं. वकील बायकांनी २०११ मध्ये स्वतःची संघटना काढली आणि पुढच्याच वर्षी आयडाहो राज्याने त्यांच्यासाठी पहिला नियम केला. नव्या परवान्याची फी परत द्यायची सोय संसदेने केली, आधी ५०० डॉलर, मग १००० डॉलरपर्यंत. फी मिळाली, पण वाट बघण्यात गेलेले महिने कोण परत देणार? संरक्षण खात्याच्या २०२१ च्या पाहणीत लष्करी जोडीदारांमधली बेकारी २१ टक्के निघाली.

शेवटी दार उघडलं ते एका जुन्या कायद्याने. १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात, अमेरिकेने एक कायदा केला होता. सैनिक आघाडीवर असताना सावकाराने त्याच्या घरावर टाच आणू नये, घरमालकाने कुटुंबाला बाहेर काढू नये, असा त्याचा हेतू. १९४० आणि २००३ मध्ये त्याला नवं रूप मिळालं. जानेवारी २०२३ मध्ये त्यातच नवं कलम आलं: लष्करी हुकुमाने बदली झाली, तर सैनिकाचा आणि जोडीदाराचा व्यावसायिक परवाना नव्या राज्यातही वैध मानावा. वकिलीचा परवाना तेवढा वगळला. त्याच वर्षी टेक्सासमध्ये हवाई दलातल्या सैनिकाची बायको, शाळेतली समुपदेशक, या कलमाचा आधार घेऊन कोर्टात गेली. केंद्राच्या न्याय खात्याने तिच्या बाजूने निवेदन दिलं आणि कोर्टाने तिची बाजू उचलून धरली.

मला यातली एक गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. राज्यांना पटवण्यात वर्षं गेली. पण बायकोचं काम हे सैनिकाच्या घरासारखंच आहे, तो लढायला गेल्यावर ते मोडता कामा नये, असं म्हटल्याबरोबर १०५ वर्षं जुन्या कायद्यात त्याला जागा सापडली. आपल्याकडेही मुंबईची नर्स नवऱ्याच्या बदलीमुळे दुसऱ्या राज्यात गेली, की तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आलीच. त्यामुळे साताऱ्याकडच्या फौजी घरांना ही गोष्ट फार परकी वाटणार नाही.

आणि जाता जाता एक. २०२३ च्या त्या कलमात एक अट होती: बदलीच्या आधीच्या दोन वर्षांत परवाना प्रत्यक्ष वापरलेला असावा. आता जिला मागच्या राज्याने परवानाच वेळेत दिला नाही, तिने तो वापरायचा कुठे? १८८० च्या दशकात डॉक्टर डेंटला विचारलं होतं, इथे १० वर्षं होतास का? त्याच प्रश्नातली दोन वर्षं या बाईच्या वाट्याला आली.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात कोणी असं बदलीमागून बदली करत नोकरी सांभाळली असेल, तर आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.