एक टेक : अहमदाबाद, १९१८

कापडाच्या बाजारात भाव आधी तोंडी ठरतो, कागद मागाहून येतो. त्यामुळे शब्दाची किंमत व्यापारी समाजाला निराळी सांगावी लागत नाही. परंतु शब्द एकाचा नसून हजारोंचा असेल आणि समोरचा पक्षही आपल्या शब्दाला तितकाच बांधलेला असेल, तर मार्ग कसा निघतो, याचे उदाहरण कापडाच्याच धंद्यात, अहमदाबादेत घडले आहे.

१९१७ साली त्या शहरात प्लेग पसरला. कामगार गाव सोडून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी ‘प्लेग बोनस’ सुरू केला. काही कामगारांना तो पगाराच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत मिळे. साथ ओसरली, तसा बोनस बंद करण्याचे ठरले. युद्धकाळातील महागाई मात्र ओसरली नव्हती. विणकामगारांनी ५० टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांच्या पुढे जाईनात. गांधीजींनी दोन्ही बाजूंचा हिशेब तपासून ३५ टक्के हा आकडा न्याय्य ठरविला.

मालकांचे अग्रणी होते जैन घराण्यातील अंबालाल साराभाई, तर कामगारांच्या बाजूने त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन उभ्या होत्या. विशेष म्हणजे, १९१५ साली आश्रमाची तिजोरी रिकामी झाली असता याच अंबालालशेठांनी १३,००० रुपये नेऊन दिले होते. भांडण होते ते असे स्नेह्यांमधले.

२२ फेब्रुवारी १९१८ रोजी टाळेबंदी झाली. २६ फेब्रुवारीला साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली कामगारांनी प्रतिज्ञा घेतली : ३५ टक्के मिळाल्यावाचून कामावर जाणार नाही, दंगा करणार नाही. ‘एक टेक’ असा फलक घेऊन मिरवणुका निघत. फुकटचे अन्न देण्याऐवजी आश्रमाच्या विणकामशाळेच्या पायात वाळू भरण्याचे काम कामगारांना देण्यात आले. डोक्यावर पाटी घेऊन सर्वांत पुढे अनसूयाबेन चालत.

१२ मार्चला टाळेबंदी उठली आणि २० टक्के मान्य असणाऱ्यांना गिरणीचे दार उघडे झाले. उपासमारीने निश्चय डळमळू लागला. गांधीजी आणि अनसूयाबेन मोटारीतून येतात, नीट जेवतात, त्यांचे काय जाते, असे बोल कानी आले. बोल कठोर होते, पण खोटे म्हणता येत नाहीत. १५ मार्चला गांधीजींनी तडजोड होईपर्यंत अन्न न घेण्याचे जाहीर केले.

शब्दाविषयीचा हा आग्रह जुना होता. १८८८ साली विलायतेला जाण्यापूर्वी राजकोटला जैन मुनी बेचरजी स्वामींच्या साक्षीने त्यांनी मातुश्री पुतळीबाईंना मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याचे वचन दिले होते. पुढे लंडनमध्ये, अंडे मांसात मोडत नाही असे म्हणणारे शाकाहारी भेटले. गांधीजींनी काही दिवस अंडी घेतलीही. मग विचार केला, की वचनाचा अर्थ आईच्या मनात जो होता तोच खरा, आणि अंडी सोडली. शब्दाचा अर्थ देणाऱ्याने आपल्या सोयीने लावायचा नसतो, हे तत्त्व पेढीवर बसणाऱ्या कोणालाही चटकन उमजेल.

अहमदाबादेत मात्र पेच अवघड होता. कामगारांची टेक ३५ ची, मालकांचा शब्द २० चा. १८ मार्चला समेट झाला तो असा : पहिल्या दिवशी कामगारांच्या प्रतिज्ञेप्रमाणे ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी मालकांच्या शब्दाप्रमाणे २० टक्के, आणि तिसऱ्या दिवसापासून पंचांचा निवाडा होईपर्यंत साडेसत्तावीस टक्के. यात टेकीचे अक्षर राखले गेले, आत्मा नव्हे, असे कोणी म्हणेल. खुद्द गांधीजींनाही ते टोचत होते. शिवाय आपल्या उपवासाचा मालकांच्या स्नेहावर दबाव पडला, हा त्यातील दोष त्यांनी उघडपणे मान्य केला.

पंच म्हणून प्रा. आनंदशंकर ध्रुव यांची निवड झाली. १० ऑगस्ट १९१८ रोजी त्यांनी निवाडा दिला. त्यात वाढ ठरली ३५ टक्के. पुढे १९२० साली त्याच शहरात मजूर महाजन संघ उभा राहिला, तोही अनसूयाबेन आणि गांधीजी यांच्याच पुढाकाराने.