वर्गातील हलत्या चित्रांची वाटचाल

महाराष्ट्रात पडद्यावर हलणारी चित्रे सिनेमाच्या आधीपासून दिसत होती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' हा खेळ सुरू केला. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडात भिंगातून पडद्यावर पडत. एकाच पात्राच्या लागोपाठच्या हालचाली वेगवेगळ्या काचांवर काढलेल्या असत. काचा झटपट बदलल्या की पात्र हलल्याचा भास होई. सोबत निवेदन, संवाद आणि गाणी असत. हा खेळ करमणुकीचा होता, पुराणकथांचा होता. पण पुढे शाळांना महत्त्वाची ठरलेली एक गोष्ट त्यात होती: चित्र कुठे थांबवायचे आणि कुठे पुढे न्यायचे, हे खेळ करणाऱ्याच्या हातात होते.

हलत्या चित्रातून निसर्गाचा पाठ कसा देता येतो, हे दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये दाखवले. लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटा-दोन मिनिटांत उलगडली: कोंब वर आला, पाने फुटली, वेल चढत गेला. ही फिल्म त्यांनी भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी केली होती. तरीही डोळ्यांना न जाणवणारी संथ हालचाल दिसू लागली, आणि वनस्पतिशास्त्राच्या वर्गात चलच्चित्राची गरज नेमकी तिथेच असते.

स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहिला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तिथल्या चित्रकारांना ॲनिमेशन शिकवले. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी १९७४ मध्ये 'एक अनेक और एकता' हा बालपट केला. भीमसेन यांचे ॲनिमेशन आणि वसंत देसाईंचे संगीत असलेल्या या पटात एकवचन-अनेकवचनापासून एकजुटीपर्यंतचा विचार मुलांना गाण्यातून कळतो.

२७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. दूरदर्शनवरून तिचे मराठी शैक्षणिक कार्यक्रम खेडोपाडीच्या शाळांपर्यंत गेले. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेलाही प्रयोग पाहता आला, हे तिचे मोठे देणे. मात्र प्रसारणाची वेळ ठरलेली असे. त्या वेळी तोच धडा चालू असेल, असे नसे. वीज गेली की कार्यक्रम हुकला. मुलाला काही समजले नाही, तरी चित्र त्याच्यासाठी थांबत नसे. पुढे ही संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली.

नागपुरात रमण विज्ञान केंद्र १९९२ मध्ये सुरू झाले आणि १९९७ मध्ये त्याला तारांगणाची जोड मिळाली. घुमटावर ग्रहताऱ्यांची गती पाहिलेल्या मुलाला भूगोलातली परिभ्रमणाची आकृती वेगळी समजवावी लागत नाही.

मोबाइल आणि प्रोजेक्टर आल्यावर चित्राचा ताबा पुन्हा दाखवणाऱ्याकडे, म्हणजे आता शिक्षकाकडे, आला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. बालभारतीच्या पुस्तकांवरही असे कोड आले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या मंचावरचे साहित्य आता वर्गातच या कोडवरून उघडता येते.

हृदयातील रक्ताभिसरण, चंद्राच्या कला, पिस्टनची हालचाल, पेशीविभाजन: जिथे बदल हाच धड्याचा विषय आहे, तिथे हलते चित्र फळ्यावरच्या आकृतीपेक्षा सरस ठरते. नुसती शोभेची हालचाल मात्र मुलांचे लक्ष धड्यावरून उडवते. झडप मिटताक्षणी चित्र थांबवून "आता रक्त कुठे जाईल?" असे विचारणारा शिक्षक असेल, तर मूल बघता बघता विचार करू लागते. उत्तरे ऐकून मग चित्र पुढे सोडावे. आपला अंदाज बरोबर होता की नाही, हे मुलाला पडद्यावरच कळते.